आधी देऊळ, मग देव : फँटसी खेळासाठी उत्पत्तिकथा कोणत्या क्रमाने रचावी

फँटसी खेळासाठी स्वतःचे जग रचायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या पानावर एकच वाक्य लिहितो : "आरंभी काहीच नव्हते." मग पोकळी येते, पोकळीतून दोन शक्ती, शक्तींतून बारा देव, देवांचे युद्ध आणि युद्धातून पृथ्वी. खेळ जिथून सुरू व्हायचा त्या गावाच्या वेशीपाशी लिहिणारा पोहोचतो, तेव्हा त्याचा उत्साह आणि वही दोन्ही संपलेली असतात. मजकूर बहुधा वाईट नसतो. क्रम उलटा असतो.

माझ्या पहिल्या टेबलटॉप मोहिमेसाठी (म्हणजे टेबलाभोवती बसून अनेक बैठकांत खेळायच्या सलग कथेसाठी) मी वंशावळीसकट चाळीस पानांची उत्पत्तिकथा लिहिली होती. पहिल्याच बैठकीत चार खेळाडूंची टोळी एका देवळापाशी आली आणि त्यांतल्या एकीने विचारले, "इथे आत जाताना पाय धुवायचे असतात का?" मला उत्तर देता आले नाही. त्या देवाने कोणत्या युगात कोणाचा वध केला ते मला तोंडपाठ होते; त्याच्या दारात भक्त काय करतो, हे मात्र मी कधी ठरवलेच नव्हते. चाळीस पानांपैकी एकही ओळ त्या संध्याकाळी कामाला आली नाही.

पुढे दिलेला क्रम त्या प्रश्नातून तयार झाला आहे. टेबलाभोवती फासे घेऊन खेळवणाऱ्यांना तो लागू पडतो आणि दोन-तीन जणांत मिळून छोटा संगणकीय खेळ करणाऱ्यांनाही. प्रत्येक टप्प्यासाठी मी एकच काल्पनिक जग उदाहरण म्हणून वापरले आहे : मिठागरांचा एक किनारा, जिथला समुद्र दर वर्षी थोडा थोडा मागे सरकतो आहे.

## लिहायला बसण्यापूर्वी

तीन गोष्टी कागदावर तयार असल्याशिवाय उत्पत्तिकथेला हात घालू नये. पहिली, खेळाचा पहिला प्रसंग नेमका कुठे घडतो. दुसरी, खेळाडू या खेळात मुख्यतः काय करणार आहे. लढणार, चोरी करणार, प्रवास करणार, की लोकांशी बोलून गुंता सोडवणार. तिसरी, जागेची मर्यादा : जगाचे खरे गुपित फुलस्केपच्या एका बाजूवर मावले पाहिजे. ही मर्यादा आधी घालून घेतली नाही, तर पुढचा एकही टप्पा नीट पार पडत नाही, हे अनुभवाने सांगतो.

सावधान : देवांची यादी या वेळी करू नये. मनात नावे आली असतील तर ती वहीच्या शेवटच्या पानावर टाकून पान दुमडून ठेवावे.

## टप्पा १ : आज खटकणारी एक गोष्ट निवडा

उत्पत्तिकथा भूतकाळाविषयी बोलत असली, तरी ती ऐकणारा माणूस आजचा असतो आणि त्याला आजच्याच एखाद्या गोष्टीचे कारण हवे असते. माणूस मरतो का, समुद्र खारट का, डोंगरापलीकडच्यांशी आपले वैर का. म्हणून खेळाडूला पहिल्या तासात डोळ्यांनी दिसेल अशी एक विसंगती शोधावी आणि जगाची सारी जन्मकथा तिच्याभोवती बांधावी.

२०११ साली आलेल्या 'डार्क सोल्स' या संगणकीय खेळात हे काम फार काटकसरीने केले आहे. आरंभी धुके, करडी झाडे आणि न मरणारे ड्रॅगन; मग अग्नी पेटतो आणि त्याबरोबर भेद जन्माला येतो, उष्ण आणि थंड, जीवन आणि मृत्यू, प्रकाश आणि अंधार. आता खेळाडू प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. तो शेकोटीपाशी बसून विसावतो, मेला की शेकोटीपाशीच उठतो आणि शेवटी त्याला निर्णयही अग्नीविषयीच घ्यावा लागतो : स्वतःला त्यात घालून तो तेवत ठेवायचा, की विझू द्यायचा. कथेतला अग्नी आणि हातातली शेकोटी एकच आहेत, त्यामुळे प्रस्तावना विसरलेल्या खेळाडूलाही जग कळते.

आपल्या उदाहरणात खटकणारी गोष्ट एकच आहे : समुद्र मागे का सरकतो?

तपासणी : निवडलेला प्रश्न गावातल्या दहा वर्षांच्या मुलाने विचारलेला शोभतो का? तो फक्त विद्वानालाच पडेल असा असेल, तर दुसरा शोधावा. आणि प्रश्न एकच असावा. दोन प्रश्नांच्या दोन कथा होतात, आणि त्या पुढे एकमेकींच्या पायांत येतात.

## टप्पा २ : देव ठरवण्याआधी देवळातली रीत ठरवा

बहुतेक जण या टप्प्यावर येतच नाहीत, म्हणून येथे थोडे थांबून काम करावे. देवाचे नाव, रूप, शक्ती यांतले काहीही ठरलेले नसताना त्याच्या दारातला व्यवहार लिहावा :

१. दारात काय करतात? पाय धुणे, उंबऱ्याला हात लावणे, शस्त्र बाहेर ठेवणे.
२. काय वाहतात आणि वाहिलेल्याचे पुढे काय होते? कोणी खाते, जाळते, की समुद्रात सोडते?
३. काय चालत नाही? कोणते अन्न, कोणता शब्द, कोणती दिशा.
४. देखभाल कोण करतो आणि त्याचे पोट कशावर चालते?
५. वर्षातला मोठा दिवस कोणता आणि त्या दिवशी काय घडते?
६. देवाला प्रश्न कसा विचारतात आणि उत्तर आले हे कसे ओळखतात?

सहावा मुद्दा लिहिताना आपल्याकडे आयती श्रीमंती आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात : मूर्तीला पाकळ्या, पाने किंवा तांदळाचे दाणे ओल्याने चिकटवून प्रश्न सांगायचा आणि कोणत्या बाजूचे आधी पडते ते पाहायचे. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार. गावागावांत तपशील बदलतात. यात देव बोलत नाही, प्रकटही होत नाही, तरी सगळा गाव श्वास रोखून त्या एका पाकळीकडे पाहत असतो. ज्यांना आपल्या खेळातला देव गूढ हवा असतो, ते त्याला ढगांतून गडगडाटी आवाजात बोलायला का लावतात, हे मला कधी कळलेले नाही.

कथा विधीच्या पोटातूनही चालत येते, हेही येथे ध्यानात ठेवावे. बॅबिलोनच्या उत्पत्तिकाव्यात मार्दुक हा देव आदिसमुद्राची देवी तियामत हिला मारून तिच्या देहाचे दोन भाग करतो आणि त्यांतून आकाश व पृथ्वी घडवतो. हे काव्य नववर्षाच्या अकितू उत्सवात चौथ्या दिवशी म्हटले जाई. म्हणजे वर्ष नव्याने सुरू करणे हे त्या कथेचे नेमून दिलेले काम होते. (त्याच तियामतचे नाव पुढे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलटॉप खेळाने पाच तोंडांच्या ड्रॅगन राणीला दिले. आज त्या नावाने तिलाच ओळखणारे अधिक भेटतात.)

आपल्या किनाऱ्यावरची रीत अशी : वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला सात घागरी समुद्राकडे नेतात. सहांत मीठ भरलेले असते आणि ते पाण्यात ओततात. सातवी रिकामीच नेतात, वाळूत पालथी घालतात आणि मागे वळून न पाहता परत येतात. कारण कोणालाच ठाऊक नाही. या वेळेपर्यंत ते मलाही ठाऊक नसते, आणि तसेच असावे.

तपासणी : कोणी "इथे पाय धुवायचे का?" असे विचारले, तर विचार न करता उत्तर देता येते का?

## टप्पा ३ : गुपित एका पानात लिहा

आता खरे काय घडले ते लिहायचे. अलंकार नकोत, "युगानुयुगे" नको; पंचनाम्यात असतात तशी कोरडी वाक्ये असावीत. जग कोणी आणि कशातून केले, त्याची किंमत कोणी मोजली, कोणावर अन्याय झाला आणि कोणते काम अर्धवट राहिले, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण खेळ त्या अर्धवट कामातूनच निघतो. 'एल्डर स्क्रोल्स' या संगणकीय खेळांच्या मालिकेत लोरखान नावाचा देव इतर देवांना मर्त्य जग घडवायला लावतो. त्याबद्दल त्याचे हृदय उपटून काढले जाते, पण ते हृदय नष्ट होत नाही. मालिकेतल्या २००२ च्या 'मोरोविंड' या खेळाची सारी भानगड एका ज्वालामुखीखाली उरलेल्या त्या हृदयाशी येऊन पोहोचते. देव मेला आणि प्रकरण मिटले असते, तर खेळाडूला करायला काही उरलेच नसते.

मिठागरांच्या किनाऱ्याचे गुपित माझ्या वहीत सहा ओळींत आहे :

१. हा किनारा आधी कोरडा होता.
२. वेळाई आणि तिचा भाऊ खारोबा यांनी समुद्र उसना आणला.
३. परतफेड दर वर्षी सात घागरी, अशी बोली झाली.
४. सहा घागरी मिठाच्या. सातवीत काय भरायचे ते फक्त वेळाईला ठाऊक होते आणि तिने ते कोणालाही सांगितले नाही.
५. सातव्या घागरीची थकबाकी वाढत गेली, म्हणून समुद्र परत नेला जात आहे.
६. समुद्र ज्याच्याकडून आणला तो :

सहावी ओळ कोरी आहे आणि ती जाणूनबुजून तशी ठेवली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त, म्हणजे १२९ वे, सृष्टी कशी झाली हे विचारत विचारत शेवटी म्हणते की, परम आकाशातला जो या सगळ्याचा अध्यक्ष आहे त्याला ते ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. आपल्या गुपितातही एक ओळ अशी असावी, की जिचे उत्तर जगाच्या कर्त्याकडेही नाही. मात्र एकच. चार ओळी कोऱ्या ठेवणारा माणूस गूढ नसतो, आळशी असतो.

सावधान : हे पान लिहून झाले की प्रत्येक वाक्यासमोर त्याची आज दिसणारी एक खूण लिहावी. पाचव्या ओळीची खूण म्हणजे पाण्यापासून अर्ध्या कोसावर चिखलात उभा राहिलेला जुना धक्का. ज्या वाक्याला खूण सापडत नाही ते कितीही आवडते असले तरी खोडावे.

## टप्पा ४ : देवाचा स्वभाव चार बाजूंनी ठरवा

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे खातेवाटप. अग्नीचा एक, पाण्याचा एक, युद्धाचा एक, प्रेमाची एक, असे मंत्रिमंडळ तयार होते आणि खात्यापलीकडे कोणालाच स्वभाव राहत नाही. आपल्या गावांतले देव पाहिले तर त्यांना खाते क्वचितच असते. त्यांना जागा असते. बांधावरचा म्हसोबा त्या बांधाचा असतो. कोकण-गोव्यातली सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते आणि ते वारूळ एका विशिष्ट ठिकाणी असते. ग्रामदैवताची सत्ता शिवेपर्यंत चालते, कुलदैवताची त्या कुळापर्यंत. खेळासाठी ही मांडणी खात्यांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण खेळाडू नकाशावर चालत असतो आणि शीव ओलांडली की काहीतरी बदलले पाहिजे.

प्रत्येक देवासाठी चारच गोष्टी लिहाव्यात.

भूक : त्याला भक्तांकडून काय हवे आहे? भक्ती हे उत्तर चालणार नाही, ते फार ढोबळ आहे. आमच्या वेळाईला हवे आहे की सातव्या घागरीविषयी कोणी विचारू नये.

मर्यादा : त्याला काय करता येत नाही? वेळाईला खोटे बोलता येत नाही, म्हणूनच ती बोलत नाही. फक्त कौल देते.

पोच : त्याला कुठपर्यंत ऐकू येते? भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर. समुद्र मागे सरकतो तशी ही हद्दही आवळत जाते, आणि वरच्या गावांतले लोक "अलीकडे देवी ऐकत नाही" असे म्हणू लागतात.

मरण : तो संपू शकतो का आणि संपला तर काय होते? समुद्र गेला की वेळाईही जाईल.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवावे, कारण खेळाडू हमखास देव मारायला निघतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'फरगॉटन रेल्म्स' या काल्पनिक जगात आओ नावाच्या सर्वोच्च सत्तेने देवांना मर्त्य रूपात पृथ्वीवर फेकले. त्या जगाच्या कालगणनेत ते साल १३५८. त्या गोंधळात कित्येक देव मेले आणि १९८९ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा नियमांत झालेल्या बदलांना जगाच्या आतलेच कारण मिळाले. त्यांपैकी भाल या खुनाच्या देवाने मरणापूर्वी पेरून ठेवलेल्या संततीवर १९९८ पासूनची 'बाल्डर्स गेट' ही संगणकीय खेळांची मालिका उभी राहिली. याच्या उलट टोकाला त्याच खेळाचे २००४ चे 'एबेरॉन' हे जग : तिथे देव कोणाला भेटत नाहीत, आहेत की नाहीत हेही पक्के नाही, आणि पुजाऱ्याची शक्ती श्रद्धेतून येते, त्यामुळे भ्रष्ट पुजाऱ्याचेही मंत्र चालतात. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. एकाच खेळात दोन्हींवर चालू पाहणारा मात्र फसतो, कारण देव उद्या दारात येऊन उभा राहू शकत असेल तर त्याच्या नावावर खोटे बोलणारा पुजारी आज इतका निर्धास्त कसा, याचे उत्तर त्याला देता येत नाही.

तपासणी : चारही उत्तरे दुसऱ्या एखाद्या देवाला जशीच्या तशी चिकटत असतील, तर दोहोंपैकी एक देव काढून टाकावा. पहिल्या खेळाला तीन देव पुष्कळ झाले.

## टप्पा ५ : एकच कथा तीन तोंडांनी सांगा

गुपिताचे पान आता मिटून ठेवावे. खेळाडूला ते कधीही जसेच्या तसे दाखवायचे नाही. त्याला ऐकू येणार आहेत त्या लोकांच्या कथा, आणि लोक कथा स्वतःच्या सोयीने सांगतात.

खंडोबाचेच पाहा. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत या दोन बायकांचे भांडण रंगते, आणि कोणत्या समाजातला माणूस सांगतो आहे यावर कथेचा कल बदलतो. तरीही देव एकच आहे आणि जेजुरीला भंडारा सगळेच उधळतात. 'एल्डर स्क्रोल्स'मध्ये लोरखानने जग घडवले ही एल्फ लोकांच्या लेखी फसवणूक आहे, कारण त्यापायी त्यांचे पूर्वज अमरत्वाला मुकले. माणसांच्या लेखी तेच उपकार आहेत. पुढे २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये तालोस या देव झालेल्या माणसाच्या पूजेवर बंदी येते आणि यादवी पेटते. माणूस देव होऊ शकतो का, हा वाद तिथे तलवारीपर्यंत जातो. कथा सांगणाऱ्याचे हितसंबंध तिच्यात असले म्हणजे असे होते.

रचनेची पद्धत सोपी आहे. तिन्ही कथांत एक तपशील तंतोतंत सारखा ठेवावा, एक तपशील सांगणाऱ्याच्या सोयीने फिरवावा आणि प्रत्येकीतून एक तपशील गाळावा. आमच्याकडे सारखा तपशील म्हणजे सात घागरी आणि त्यांतली रिकामी सातवी.

मिठागरातले मजूर सांगतात की, खारोबाने घाम गाळून सात घागरी भरल्या, त्यांतून समुद्र झाला, पण वाटणीच्या वेळी त्याच्या हाती रिकामी घागर आली. कोळी सांगतात की, वेळाई सात घागरी रडली. सहांचा समुद्र झाला आणि सातवीतले अश्रू तिने कोणासाठी तरी राखून ठेवले. बंदरावरचे व्यापारी सांगतात की, खारोबाने राक्षसाला मारून समुद्र जिंकला आणि रिकामी घागर म्हणजे हरलेल्या राक्षसाकडून अजून येणे असलेली खंडणी. शेवटच्या कथेत ऋणको धनको होऊन बसला आहे. व्यापाऱ्यांची कथा आहे, त्यांना ते शोभते.

सावधान : तिघांपैकी एक बरोबर आणि दोन मूर्ख, अशी मांडणी करू नये. प्रत्येक कथेत गुपिताचा एक खरा तुकडा हवा, आणि तो दुसऱ्या दोन कथांत नसावा. वर मजुरांच्या कथेत वाटणीतला अन्याय आहे, कोळ्यांच्या कथेत वेळाईने काहीतरी लपवल्याची आठवण आहे आणि व्यापाऱ्यांच्या कथेत एक थकलेले देणे आहे.

## टप्पा ६ : नावे

हे काम लवकर आटपावे. अपॉस्ट्रॉफी घातलेली, उच्चारताना जीभ अडखळणारी नावे कोणी लक्षात ठेवत नाही. दुसऱ्या बैठकीपासून खेळाडू "तो निळा देव" म्हणू लागतात. मराठीत खेळवत असाल तर '-आई', '-जाई', '-ओबा' हे प्रत्यय आयते आहेत आणि कोणत्याही सामान्य शब्दाला ते लावले की कानाला ओळखीचा देव तयार होतो. भरतीच्या वेळेवरून वेळाई झाली आणि खारावरून खारोबा. ज्यांची पूजा आज चालू आहे अशा देवांची नावे उचलून त्यांना खेळात शत्रू करू नये. रीत घ्यावी, नाव आपले ठेवावे.

## टप्पा ७ : देवाला नियमांत आणा

ज्या देवाचा फाशांवर परिणाम होत नाही, तो खेळाडूच्या लेखी भिंतीवरचे चित्र असतो. दोन यंत्रणा बहुतेक खेळांना पुरतात.

कौल : दोन सहा बाजूंचे फासे घ्यावेत, पांढरा म्हणजे उजवी पाकळी, लाल म्हणजे डावी. ज्याचा आकडा मोठा ती पाकळी आधी पडली. आकडे सारखे आले तर दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या आणि देवी गप्प राहिली. ३६ शक्यतांपैकी १५ उजव्या, १५ डाव्या आणि ६ मौनाच्या होतात. मौनानंतर त्याच प्रश्नाचा कौल त्या दिवशी पुन्हा लावता येत नाही, हा नियम ठेवलाच पाहिजे, नाहीतर खेळाडू हवे ते उत्तर येईपर्यंत फासे टाकत राहतील. खेळवणाऱ्याने एक पथ्य पाळावे : कौल खरा धरायचा. डावा कौल आला आणि टोळी तरी गेली, तर काहीतरी बिघडलेच पाहिजे.

नवस : खेळाडूने तो मोठ्याने बोलावा आणि कार्डावर स्वतःच्या हाताने लिहावा. देव आपला वाटा आधी देतो. एक फेक पुन्हा टाकण्याची मुभा एवढे पुरे. फेडण्याची मुदत देऊळ ठरवते. थकलेल्या प्रत्येक नवसामागे त्या खेळाडूच्या कौलात लाल फाशाच्या आकड्यात एक मिळवावा. ही यंत्रणा मी वापरू लागल्यापासून टेबलावर देवाचे नाव घेताना लोक शब्द जपून वापरतात, हे मला कोणत्याही वर्णनाने साधले नव्हते.

तपासणी : आमच्या जगाचे गुपित थकबाकीचे आहे आणि नवसाची यंत्रणाही थकबाकीचीच आहे. तुमच्या नियमांत तुमचे गुपित असे डोकावत नसेल, तर नियम बदलावा; गुपिताला हात लावू नये.

## टप्पा ८ : कथा फोडा आणि पेरा

'डार्क सोल्स'मध्ये जगाचा बराचसा इतिहास वस्तूंच्या दोन-चार ओळींच्या वर्णनांत विखुरलेला आहे. अंगठी उचलली की तिच्यासोबत एखाद्या मेलेल्या सरदाराची ओळ हाती लागते. ती पद्धत उचलावी आणि तीन नियम पाळावेत. एका ठिकाणी तीन वाक्यांपेक्षा जास्त मजकूर नको. गुपिताचा प्रत्येक तुकडा निदान तीन वेगळ्या ठिकाणी हवा, कारण त्यांतल्या दोन ठिकाणी खेळाडू जाणारच नाही. आणि आधी वस्तू, मग बोलणे, मग लिखाण, असा क्रम हवा. ग्रंथालयातली पोथी पहिल्याच बैठकीत सापडली तर पुढची शोधाशोध कशासाठी?

आमच्याकडे पहिला तुकडा म्हणजे वाळूत वर्षानुवर्षे पालथ्या पडलेल्या घागरींची रांग. पहिल्या काही घागरी आज पाण्यापासून फार दूर, गवतात आहेत. दुसरा तुकडा मुले खेळताना म्हणतात ते गाणे :

"सहा भरल्या, सातवी रिती,
मोजून द्या हो, राहिली किती?
वेळाई म्हणते, उद्या देते,
ओहोटी दारात बसून राहते."

देणे वसूल करायला सावकाराने ऋणकोच्या दारात धरणे धरून बसण्याची जुनी चाल ज्याला माहीत आहे, तो शेवटच्या ओळीपाशी थबकतो. ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी तिसरा तुकडा आहे : बंदरावरच्या पेढीतली एक खतावणी, तिच्यात पहिल्याच पानावर नाव नसलेले एक खाते आणि येणे बाजूला दर वर्षी वाढत जाणारा आकडा.

सावधान : गाणे, म्हण किंवा पोथी लिहिली की ती एकदा मोठ्याने वाचावी. तुमच्याच आवाजात ती खोटी वाटली, तर गावातल्या म्हातारीच्या तोंडी ती खोटीच वाटणार.

## टप्पा ९ : न वाचलेल्या माणसावर तपासा, आणि वही ठेवा

जगाविषयी काहीही न सांगता एका मित्राला एक तास खेळवावे आणि नंतर तीनच प्रश्न विचारावेत : इथले लोक कशाला भितात, देवाकडून तुला काय मिळाले, आणि तुला काय खटकले? तिसऱ्या उत्तरात तुमची पहिल्या टप्प्यातली गोष्ट आली तर काम झाले. "कथा छान आहे" असे उत्तर आले, तर ते नापास समजावे आणि दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा यावे. विसंगती जवळजवळ नेहमी तिथेच हुकलेली असते, रीतीत ती दिसतच नसते.

खेळ सुरू झाल्यावर एक वेगळी वही ठेवावी आणि टेबलावर जे बोलले गेले तेवढेच तीत तारखेसह लिहावे. गुपिताचे पान आणि ही वही यांत विरोध आला, तर वही खरी धरावी. खेळाडूंनी जे ऐकले ते घडले. मोठ्या खेळांनाही हे चुकलेले नाही. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतल्या १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते आणि पुढच्या खेळासाठी त्यांतला कोणता खरा धरावा, हा पेच पडला. उत्तर असे दिले गेले की, काळच मोडला आणि सगळे शेवट एकदम घडले. आपल्याला काळ मोडण्याची गरज सहसा पडत नाही. चुकीला गावातला एखादा माणूस जबाबदार आहे असे धरले की पुरते.

एका बैठकीत मी घाईत सातवी घागर तांब्याची आहे असे बोलून गेलो. त्याआधी ती मातीची होती, आणि ज्या खेळाडूने ती हातात घेऊन पाहिली होती त्याला ते आठवत होते. मी काही खोडले नाही. दोन्ही घागरी वहीत लिहिल्या आणि खाली एक ओळ जोडली : वरच्या गावाने सत्तर वर्षांपूर्वी मातीची घागर बदलून तांब्याची केली, आणि खालच्या गावाने त्या दिवसापासून त्यांच्याकडे मुलगी दिलेली नाही. पुढच्या तीन बैठका त्या भांडणातच गेल्या. समुद्र तेवढ्या काळात आणखी दोन हात मागे गेला.